गरम वाऱ्याचे यंत्र

दसरा तोंडावर आला होता. विट्यात दसरा म्हणजे पालख्यांची शर्यत. सोन्याचांदीच्या गलाईसाठी खानापूर तालुक्यातली माणसे देशभर पांगली आहेत. त्यांतली जमेल ती माणसे सणासुदीला घरी येतात. घरोघर गडबड उडते.

आक्कांच्या सुनेने पुढच्या खोलीत बायकांचे पार्लर काढले आहे. एक आरसा, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि केस वाळवायचे विजेचे यंत्र. एवढ्यावर तिचा धंदा चालतो. सणाच्या आधी आठ दिवस तर तिला जेवायला फुरसत नसते.

नेमके त्याच वेळी यंत्र रुसले. मुठीजवळ वायर वाकवली की चालायचे, सरळ केली की बंद पडायचे. करपल्याचा वासही येऊ लागला. यंत्रमागावर काम करणारा पुतण्या म्हणाला, "वैनी, टेप आणा. दोन मिनटात जोडून देतो."

आक्का पुढे झाल्या. म्हणाल्या, "थांब रे बाबा. टेप नको नि बीप नको. तात्यास्नी बोलवून आण."

तात्या म्हणजे जुने वायरमन. सरकारी परवाना असलेले. उभा जन्म त्यांनी विजेच्या कामात घालवला. उजव्या हाताचे एक बोट त्यांना नीट वाकवता येत नाही. ते का, हे पुढे येईलच.

आधी वाचा, मग हात लावा

तात्यांनी आल्याबरोबर प्लग सॉकेटातून उपसून बाजूला ठेवला. पुतण्या म्हणाला, "तात्या, बटण बंदच हाय की."

तात्या म्हणाले, "गड्या, बटण बंद म्हणजे वीज गेली असं नव्हं. कुणी बोर्डात तारा उलट्यासुलट्या जोडल्या असतील, तर बटण बंद करूनबी यंत्रात वीज राहती. प्लग हातात आला, की मगच वीज तुटली म्हणायची."

मग त्यांनी यंत्र आक्कांच्या हाती दिले. "आक्का, तुम्ही वर्गात जाता न्हवं? ह्यावर काय लिवलंय ते वाचा बघू."

आक्कांनी चष्मा लावला. अक्षरे इंग्रजी होती, पण आकडे ओळखीचे होते. त्या एकेक आकडा वाचू लागल्या. "दोनशे तीस. पन्नास. बाराशे."

"शाबास!" तात्या म्हणाले. "दोनशे तीसपुढं व्ही हाय, म्हणजे व्होल्ट. तो विजेचा दाब. टाकीतलं पाणी जितकं उंच, तितका नळाला जोर. तसंच हे. आपल्या घरात 230 व्होल्टचा दाब येतो. पन्नास म्हणजे वीज एका सेकंदात किती वेळा मागंपुढं होती, तो आकडा. आणि बाराशेपुढं डब्ल्यू हाय, म्हणजे वॅट. यंत्र किती वीज खातं, ते त्यावरून कळतं."

आता एक सोपा हिशेब करा. वॅटला व्होल्टने भागा. 1200 भागिले 230. उत्तर येते सुमारे सव्वापाच. म्हणजे या यंत्राच्या तारेतून सव्वापाच अँपिअरची धार वाहते. अँपिअर हे धारेचे माप आहे.

घरातले लहान सॉकेट 6 अँपिअरचे असते. सव्वापाच त्यात बसते, पण जेमतेम. त्याच सॉकेटात मल्टीप्लग खुपसून पंखा, मोबाईल आणि हे यंत्र एकदम लावले, तर सॉकेट तापते. बाजारात 2000 वॅटची यंत्रेही मिळतात. 2000 भागिले 230 म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअर. त्याला मोठे, 16 अँपिअरचेच सॉकेट हवे.

खर्चाचा हिशेबही असाच करता येतो. 1000 वॅटचे यंत्र तासभर चालले, की एक युनिट होते. 1200 वॅटचे यंत्र रोज एक तास चालले, तर सव्वा युनिटाच्या आत वीज लागते. सून म्हणाली, "म्हणजे बिल किती यील ते आधीच कळतंय की!" कळते तर. आकडे वाचता आले, की पुष्कळ गोष्टी आधीच कळतात.

वारा आणि विस्तव

तात्यांनी स्क्रू काढून यंत्राची दोन शकले अलग केली. आत फार काही नव्हते. मागे एक छोटा पंखा. त्याच्या पुढे तारेची वेटोळी. पंखा वारा ढकलतो, तार वारा तापवतो. गरम वारा तोंडातून बाहेर पडतो आणि केसांतले पाणी उडवून नेतो. एवढेच काय ते यंत्र.

ही तार तांब्याची नसते. तांबे विजेला सहज वाट देते, म्हणून ते वायरीत वापरतात. इथे उलटे हवे. वाट अडवणारी तार हवी, म्हणजे ती तापते. निकेल आणि क्रोमियम या दोन धातूंच्या मिश्रणाची ती तार असते. तिला नायक्रोम म्हणतात. 1906 साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले गेले. ही तार लाल झाली तरी लवकर जळत नाही. तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला हवेपासून सांभाळतो. नायक्रोम वितळायला सुमारे 1400 अंश सेल्सियस उष्णता लागते. इस्त्रीत, शेगडीत, पाणी तापवायच्या कांडीत असलीच तार असते.

तारेची वेटोळी पांढऱ्या चकचकीत पापुद्र्यांवर गुंडाळलेली होती. तो अभ्रक. अभ्रक उष्णता सोसतो आणि विजेला वाट देत नाही. पूर्वी काही यंत्रांत अभ्रकाबरोबर ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याचे बारीक तंतू वाऱ्याबरोबर उडून छातीत जातात आणि घात करतात. 1979 साली अमेरिकेत ही गोष्ट उजेडात आली आणि तसली यंत्रे बाजारातून काढून घेतली गेली. म्हणून फार जुने, भंगारातून आणलेले यंत्र घेऊ नये आणि उघडूही नये.

आक्का म्हणाल्या, "ह्ये तर आमच्या गलाईच्या भट्टीवाणीच झालं. विस्तव आणि वारा."

तात्या हसले. "हाय खरं, पण एक फरक हाय. भट्टीत वारा दिला, की विस्तव फुलतो. इथं वारा विस्तवाला आवरतो. पंखा थांबला, की तारेची उष्णता न्यायला कुणी राहत न्हाई. घटकाभरात तार लालभडक होती आणि प्लॅस्टिक वितळतं. म्हणून ह्या यंत्राचा पहिला नियम असा. वारा आधी, विस्तव मागनं. नुसता वारा चालंल, नुसता विस्तव कधीच नको."

चांगल्या यंत्राचा खटका याच नियमाने जोडलेला असतो. खटक्याच्या पहिल्या घरात पंखा फिरतो. दुसऱ्या घरात पंखा आणि थोडी ऊब. तिसऱ्यात पूर्ण ऊब. पंख्याविना तार तापेल असे घरच खटक्यावर नसते. जोडणाऱ्याने तारांची अदलाबदल केली, तर हा नियम मोडतो. म्हणून तात्यांनी आधी कागदावर चित्र काढले. कोणती तार कुठे आहे, ते लिहून ठेवले. मोबाईलवर फोटोही काढून घेतला. मग एकेक तार सोडवली.

दोन राखणदार

तारेच्या वेटोळ्याजवळ दोन बारक्या वस्तू होत्या. तात्यांनी त्या बोटाने दाखवल्या.

पहिली वस्तू म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. दोन धातू उष्णतेने सारखे वाढत नाहीत. एक जास्त वाढतो, एक कमी. त्यामुळे पट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते. निवली की पुन्हा सरळ होते आणि वीज जोडते. मागच्या जाळीत केस अडकले, वारा कोंडला, की ही पट्टी यंत्र थांबवते. यंत्र आपोआप बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते, ते हिच्यामुळे. तसे झाले, तर जाळी साफ करायची वेळ आली असे समजावे.

दुसरी वस्तू म्हणजे उष्णतेचा फ्यूज. जोडपट्टीने दगा दिला आणि उष्णता फारच वाढली, तर हा फ्यूज कायमचा तुटतो. तो पुन्हा जुळत नाही. त्या मापाचा नवाच घालावा लागतो.

पुतण्या म्हणाला, "काही जण तो काढून सरळ तार जोडतात."

तात्यांचा आवाज चढला. "जोडतात! यंत्र चालू होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण राखणदाराला मारून घर उघडं टाकल्यागत हाय ते. पुढच्या खेपंला आग लागंल, तवा तोडायला कोण असंल?"

तिथे साधा डाख, म्हणजे सोल्डरही चालत नाही. कथिल आणि शिसे यांचा डाख सुमारे 183 अंशांना वितळू लागतो. तारेजवळची उष्णता त्याला सोसत नाही. सांधा सुटतो आणि मोकळी तार भलतीकडे टेकते. म्हणून तारेजवळचे सांधे दाबून किंवा रिव्हेट मारून घट्ट केलेले असतात. ते तसेच ठेवावे लागतात.

आणखी एक गोष्ट तात्यांनी सांगितली. यातला पंख्याचा मोटर पुष्कळदा खेळण्यातल्या मोटरीएवढा बारका असतो. तो थोड्या व्होल्टवर चालतो. तारेच्या वेटोळ्याचा एक तुकडा बाकीचा दाब अडवून धरतो, म्हणून तो मोटर जळत नाही. पण त्याचे बारकेपण पाहून फसू नये. त्याच्या टोकाला हात लागला, तर घरचे 230 व्होल्ट अंगात शिरू शकतात. उघडे यंत्र प्लगला जोडून बघण्याची हौस कधीही करू नये.

वायर का तुटली?

करपल्याचा वास येत होता तो मुठीजवळून. तात्यांनी तिथली वायर सोलून दाखवली. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा पुंजका होता. त्यांतल्या निम्म्याहून जास्त तारा तुटल्या होत्या. उरलेल्या काळ्या पडल्या होत्या.

असे का होते? काम संपले, की सून वायर यंत्राभोवती करकचून गुंडाळून ठेवी. रोज तोच वळसा, रोज तीच जागा. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. तांब्याचेही तसेच. एकेक बारीक तार तुटत गेली. वीज मात्र तेवढीच वाहत राहिली. दहा माणसांचे ओझे तिघांवर आले. ती तिघे तापणार नाहीत तर काय? तापून वरचे वेष्टण जळाले. अजून चार दिवस गेले असते, तर सुनेच्या तळहाताखाली उघडी तार आली असती.

"आणि ह्यावर टेप मारणार होतास!" तात्या पुतण्याला म्हणाले. "टेप उष्णतेनं सुटतो. आतला सांधा ढिला तो ढिलाच. वायर मधे जोडायची न्हाई. अख्खी बदलायची."

यंत्र नवे असते आणि त्याची हमी चालू असती, तर ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात देणेच बरे. हे यंत्र जुने होते. तात्यांनी 0.75 चौरस मिलिमीटर जाडीची, आयएसआय खुणेची, दोन पिनांचा प्लग ओतीव बसवलेली नवी वायर आणली. त्यांनी यंत्र कसे जुळवले, ते क्रमाने पाहू.

आधी त्यांनी पंख्यात गुंतलेले केस चिमट्याने काढले. पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो कुठे घासत नाही, याची खात्री केली. मग वायर मुठीच्या रबरी बाहीतून आत ओवली. ही बाही वायरीला एकाच जागी वाकू देत नाही. बाही टाकून दिली, तर नवी वायरही तशीच तुटेल.

मग वायर पकडीत आवळली. ओढ बसली तर ती पकडीवर बसावी, आतल्या सांध्यावर नव्हे. पकड बाहेरच्या जाड वेष्टणावर बसली आहे ना, हे पाहिले. त्यानंतर दोन तारा जुन्या जागी, चित्राप्रमाणे जोडल्या. एकही बारीक तार बाहेर लोंबत ठेवली नाही. तापणाऱ्या भागाजवळून जाणाऱ्या तारांवर काचेच्या धाग्यांच्या नळ्या होत्या. त्या जशाच्या तशा चढवल्या. अभ्रकाची चौकट तिच्या खाचेत बसवली. कुठली तार दोन शकलांच्या मधे चेमटत नाही ना, हे बघून शकले मिटवली. सगळे स्क्रू लावले. एकही स्क्रू खिशात उरला नाही.

मग मीटर लावले. खटका बंद असताना प्लगच्या दोन पिनांमध्ये वीज जायला वाट नाही, हे पाहिले. खटका पूर्ण उबेवर टाकला, तेव्हा मीटरने सुमारे 44 ओहम दाखवले. बाराशे वॅटच्या तारेचा अडसर तेवढाच असायला हवा. काटा शून्यावर गेला असता, तर आत तारा एकमेकींना टेकल्या असे समजले असते आणि यंत्र प्लगला लावायचेच नाही.

वाचकहो, हे सगळे तुम्ही घरी करा म्हणून सांगितलेले नाही. यंत्राच्या आत हात घालायचा तो जाणत्याने. पण जाणता माणूस काम नीट करतो की नाही, हे तुम्हाला ओळखता यायला हवे. एवढ्याचसाठी हे सांगितले.

तिसरे भोक

आता यंत्र लावून पाहायचे. तात्या बोर्डापाशी गेले आणि थबकले. सॉकेटाला तीन भोके होती. दोन लहान, वर एक मोठे. त्यांनी मेन स्विच पाडला, टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली आणि बोर्ड उघडला. मोठ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. भोक नुसते दिखाव्याचे होते.

तात्या खुर्चीत बसले. म्हणाले, "आक्का, यंत्र राहू द्या. आधी ह्ये बघा."

त्यांनी आपले वाकडे बोट पुढे केले. "तरुणपणी एका कारखान्यात मोटरीला हात लावला. मोटरीच्या अंगात वीज उतरली होती आणि अर्थिंगची तार कुणी तोडली होती. हात चिकटला. सोडवता येईना. सोबत्यानं मेन पाडला म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. बोट तेवढं गेलं."

अर्थिंग म्हणजे काय? इस्त्री, फ्रिज, पाण्याची मोटर यांचे अंग धातूचे असते. आतली तार सुटून त्या अंगाला टेकली, की अख्ख्या अंगात वीज उतरते. आपण हात लावला, तर ती आपल्या देहातून जमिनीत जायला बघते. अर्थिंगची तार तिला दुसरी, सोपी वाट देते. वीज त्या वाटेने जमिनीकडे धावते. धार एकदम वाढते, फ्यूज उडतो, वीज तुटते. माणूस वाचतो.

सून म्हणाली, "पण माझ्या ह्या यंत्राला तर दोनच पिना हायत."

प्रश्न बरोबर होता. तात्यांनी यंत्रावरची एक खूण दाखवली. एका चौकोनात दुसरा चौकोन. ही खूण असली, की त्या यंत्राला वेष्टणाचे दुहेरी चिलखत असते. बाहेर धातूचे अंगच नसते. त्याला अर्थिंग लागत नाही. पण ज्या यंत्राच्या वायरीत तीन तारा आहेत, त्याची तिसरी तार कापायची नाही. सॉकेट लहान आहे म्हणून मोठी पिन मोडायची नाही.

आक्कांनी मुकाट्याने इस्त्री आणली. तिच्या प्लगात तिसरी तार कापलेली होती. कुणी कापली, कुणालाच आठवेना.

प्लग जोडायची रीत

तात्यांनी इस्त्रीचा प्लग सुनेकडूनच जोडून घेतला. तुम्हीही शिकून घ्या. प्लग आणि वायर सॉकेटापासून अलग असताना हे काम करायचे.

आधी रंग ओळखा. नव्या वायरीत चॉकलेटी तार फेजची, म्हणजे वीज आणणारी. निळी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी. हिरव्यावर पिवळे पट्टे असलेली अर्थिंगची. जुन्या वायरीत तांबडी फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची.

आता प्लगचे झाकण आधीच वायरीत ओवून ठेवा. नाहीतर सगळे जोडून झाल्यावर झाकण हातात राहते आणि पुन्हा सोडावे लागते. बाहेरचे वेष्टण चार सेंटिमीटर सोला. आतल्या तारांचे एकेक सेंटिमीटर सोला. बारीक तारा कापल्या जाऊ देऊ नका. त्यांना पीळ द्या.

मोठ्या पिनेला हिरवी-पिवळी तार. तिथे ई हे इंग्रजी अक्षर असते. एल अक्षराच्या पिनेला चॉकलेटी. एन अक्षराच्या पिनेला निळी. अक्षरे पुसली असतील, तर प्लग असा धरा, की पिना तुमच्यापासून पलीकडे आणि मोठी पिन वर. मग उजव्या हाताची फेज, डाव्या हाताची न्यूट्रल.

हिरवी तार बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. वायर ओढली गेलीच, तर ती सगळ्यांत शेवटी तुटावी. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. शेवटी पकड आवळा, झाकण लावा आणि वायर हलकेच ओढून पाहा. ती हलता कामा नये.

कोरडी जमीन

प्लग झाला. पण भिंतीतली अर्थिंगची तार? ती घालायची, तर जमिनीत अर्थिंगचा खड्डा हवा. तात्या परसात गेले. एका कोपऱ्यात जुना पाईप निघाला. त्याच्या भोवतीची माती हाताने चुरली तर धूळ झाली.

आपला खानापूर भाग पावसाच्या बाबतीत कमनशिबी. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उपसून वर आणले, त्याने पुष्कळ शिवार भिजले. पण परसातला कोपरा उन्हाळ्यात कोरडाच राहतो. कोरडी माती विजेला वाट देत नाही. ओली माती देते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. ते ओल धरून ठेवतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. तुळशीला घालतो, तसे याही खड्ड्याला पाणी घालावे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

पाणी आणि वीज

पार्लरमध्ये पाणी असायचेच. ओले केस, ओले हात, ओली फरशी. इथेच खरा धोका आहे.

आपल्या देहाला किती वीज सोसते? फार थोडी. अँपिअरचा हजारावा भाग गेला, तर मुंग्या येतात. दहा हजारांश गेले, की हात चिकटतो. तीस हजारांशांच्या पुढे जिवाला धोका. शंभर हजारांशांनी काळजाचा ठेका चुकून माणूस दगावू शकतो. पूर्वीचा 15 वॅटचा झिरोचा दिवा सुमारे 65 हजारांश अँपिअर घेत असे. म्हणजे मिणमिणत्या दिव्याला लागणारी वीज माणसाला पुरून उरते. कोरडी कातडी विजेला बरीच अडवते. ओली कातडी अडवत नाही.

पुतण्या म्हणाला, "पण फ्यूज उडंल की."

तात्या म्हणाले, "न्हाई. फ्यूज वायरीला राखतो, माणसाला न्हाई. सहा अँपिअरचा फ्यूज सहाच्या पुढं उडणार. माणूस त्याच्या कितीतरी आधी जातो."

माणसाला राखणारा खटका वेगळा असतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. एका तारेने जितकी वीज गेली, तितकीच दुसरीने परत आली पाहिजे, असा हिशेब तो सतत ठेवतो. तीस हजारांश अँपिअरचा फरक पडला, की वीज वाटेत कुणाच्या तरी देहातून जमिनीत चालली असे समजून तो पडतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तुटते. घराला 30 मिलिअँपिअरचा खटका घ्यावा. त्यावर टेस्ट लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून खटका पडतो का, ते पाहावे.

यंत्र बंद आहे, पण प्लग लावलेला आहे आणि ते बेसिनच्या पाण्यात पडले, तरीही पाण्यात वीज उतरते. म्हणून 1991 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांना, पाण्यात पडताच वीज तोडणारा प्लग सक्तीचा झाला. आपल्याकडच्या यंत्राला तसा प्लग असेलच असे धरून चालू नये. काम झाले, की प्लग काढावा. यंत्र पाण्यात पडलेच, तर उचलायला हात घालू नये. आधी मेन पाडावा.

आणि कुणाला झटका बसून तो चिकटलाच, तर? त्याला हाताने ओढू नका. तुम्हीही चिकटाल. मेन पाडा. मेन लांब असेल, तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर लोटा. मग 108 ला फोन लावा. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

सून काय म्हणाली

त्या दिवशी पार्लर बंद राहिले. दुसऱ्या दिवशीही बंद. खड्डा झाला, तार ओढली, नवा खटका बसला. दसऱ्याच्या तोंडावर दोन दिवसांची कमाई बुडाली. सून हिरमुसली होती.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी यंत्र लावले. आधी वारा आला, मग ऊब आली. वास नाही, ठिणगी नाही. पहिल्या गिऱ्हाइकाचे केस वाळवून झाले, तशी सुनेने प्लग काढला आणि वायर सैल वळसे घालून खुंटीला अडकवली.

"आत्या," ती म्हणाली, "दोन दिवस बुडले ते बुडले. पण इथं बायका माझ्या भरवशावर डोळे मिटून बसतात."

आक्का म्हणाल्या, "व्हय बाई. तोच खरा धंदा."

ध्यानात ठेवा

प्लग हातात आला, म्हणजेच वीज तुटली.
वायर मधे जोडू नका, अख्खी बदला. यंत्राभोवती करकचून गुंडाळू नका.
वारा आधी, विस्तव मागून. मागची जाळी साफ ठेवा.
उष्णतेचा फ्यूज काढून सरळ तार जोडू देऊ नका.
तिसरी तार कापू नका, तिसरी पिन मोडू नका.
ओल्या हाताने यंत्राला किंवा बटणाला हात लावू नका.
अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घाला.

तुम्ही सांगा

1. तुमच्या घरातल्या इस्त्रीवर किती वॅट लिहिले आहे? ती किती अँपिअर घेते?
2. तुमच्या सॉकेटाच्या मोठ्या भोकामागे तार आहे का? वायरमनला विचारा.
3. फ्यूज कुणाला राखतो? आरसीसीबी कुणाला राखतो?
4. तुमच्या घरचा मेन स्विच कुठे आहे? घरातल्या लहान मुलांनाही तो दाखवा.